दोन तबकड्या, एक ठोका



डीजे म्हटलं की आपल्याला वरातीतली कर्ण्यांची भिंत आठवते आणि म्हाताऱ्या माणसांची धडधडणारी छाती. पण डीजे हे त्या भिंतीचं नाव नव्हे. गाणी वाजवणारा माणूस म्हणजे डीजे, आणि त्याचं कसब कानात असतं. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात असं मिसळायचं, की नाचणाऱ्याचा पाय अडखळू नये.

एका उखळात दोघी कांडतात तेव्हा एकीनं जरा घाई केली, तर थोड्याच वेळात मुसळावर मुसळ आदळतं. गाण्यांचंही तसंच. एक गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं आणि दुसरं १२२ चं असेल, तर अर्ध्या मिनिटात पूर्ण एका ठोक्याचा फरक पडतो. मधल्या वेळात दोन घोडी वेगवेगळी दौडल्यासारखा खडखडाट होतो.

हे कसब रुजलं अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात, १९७० च्या आसपास. तिथं एका जुन्या चर्चच्या इमारतीत 'सँक्च्युअरी' नावाचा नाचघर-क्लब होता. फ्रान्सिस ग्रासो हा विशीतला तरुण तिथं तबकड्या वाजवी. एका तबकडीचं गाणं सगळ्यांना ऐकू येई. दुसरीचं फक्त त्याला, हेडफोनमधून. एक कान गर्दीकडे, दुसरा हेडफोनला. दुसरी मागं पडत असेल तर बोटानं किंचित पुढं ढकलायची, पुढं जात असेल तर कडेला बोट टेकवून रोखायची. खाली यंत्र फिरतंय आणि वर तबकडी हातानं थोपवून धरलीय, मग नेमक्या ठोक्याला सोडायची, ही युक्ती मुळात रेडिओवाल्यांची बरं का! त्या काळी गाण्यातला ढोल माणूस हातानं वाजवी. लय मध्येच सैल पडे, मध्येच चढे. म्हणून एकदा जुळवून भागत नसे, शेवटपर्यंत कान लावून बसावं लागे.

त्याच शहरात ब्राँक्स नावाचा गरिबांचा भाग आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला तिथल्या सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एक कार्यक्रम झाला. हिपहॉप संगीताचा जन्म लोक तिथून मोजतात. तबकड्या वाजवणारा होता कूल हर्क, जमैकातून आलेला मुलगा. पण कार्यक्रम ठरवला त्याच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं. शाळा सुरू होणार, नवे कपडे हवेत, पैसे कुठून आणायचे? तिनं तिकीट लावलं: मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. हा हिशेब बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात. मला तो यंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. तिनं दार उघडलं नसतं तर भावानं वाजवलं असतं कुणापुढं?

हर्क गाण्यातला फक्त ढोलाचा तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजवी, पण जोड नेमका बसत नसे. ते हेरलं ग्रँडमास्टर फ्लॅश या ब्राँक्समधल्याच मुलानं. तो विजेच्या उपकरणांचं काम शिकलेला. तबकडीवर मेणाच्या खडूनं खूण करून, ती किती फेरे मागं फिरवायची हे मोजत तो घरी सराव करत राहिला.

सोयीचं यंत्र पुढं आलं. १९७९ मध्ये टेक्निक्स कंपनीनं आपल्या बाराशे नंबरच्या यंत्राची नवी आवृत्ती काढली. त्यात पट्टी सरकवून वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येई. म्हणजे कसब आधी, यंत्र मागाहून. आज कॉम्प्युटर एका बटणावर ठोके जुळवतो. तरी गाण्याचा ठोका त्यानं चुकीचा धरला, तर ते ओळखायला कानच लागतो.

आपल्याकडं कार्यक्रमाच्या वर्गणीपासून स्वयंपाकापर्यंत सगळं बायकांकडं, आणि साऊंडच्या टेबलाशी मुलगी गेली की 'हात लावू नको'. ओवी आणि झिम्मा ज्यांच्या अंगात भिनलाय, त्यांना ठोका काय नवा? गटातल्या एखाद्या मुलीला शिकायचं असेल तर सुरुवातीला एकाच गाण्याच्या दोन प्रती घ्याव्यात. वेग सारखाच असतो, त्यामुळं नुसती सम पकडायची. ते जमलं की एकीचा वेग मैत्रिणीला गुपचूप बदलायला सांगावं, आणि डोळे मिटून ओळखावं: पुढं चाललीय की मागं?