मातीच्या बैलाचा मालक

श्रावणी अमावास्येचा पोळा आटोपला, की दुसऱ्या दिवशी आपल्या वऱ्हाडातले रस्ते लहान मुलांचे होतात. लाकडाचे नाहीतर मातीचे बैल दोरीने ओढत पोरे दारोदार जातात. घरची बाई बैलाला कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. हा तान्हा पोळा. त्याच्या आधीच्या आठवड्यात कारंजापासून रिसोडपर्यंत कितीतरी शाळांच्या वर्गात माती भिजलेली असते. बाई सांगतात, ‘बैल करा.’ आज या मातीच्या बैलाचा थोडा इतिहास सांगायचा आहे.

तान्हा पोळ्याची सुरुवात नागपूरच्या भोसल्यांकडे दाखवली जाते. दुसरे रघूजी राजे यांनी १८०६ मध्ये मुलांसाठी लाकडी बैलांचा पोळा भरवला, असे त्या घराण्यात सांगतात. मोठ्या बैलांच्या गर्दीत लहान मुलांना नेता येत नाही, म्हणून त्यांच्या उंचीचा पोळा. सुताराने बैल केला, खाली चार चाके लावली आणि सण मुलांच्या हाती दिला.

चाकावरचा बैल मात्र त्याहून फार जुना आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात मान हलवणारा मातीचा बैल सापडला. आपल्याच राज्यात, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये धातूची चार शिल्पे मिळाली. त्यांत दोन बैल जुंपलेला रथ आहे. गेंडा आणि रेडा तर चक्क चाकांवर उभे आहेत. चारांचे मिळून वजन साठ किलोंच्या आसपास. ती काही पोरांची खेळणी नव्हेत. पण जनावराला चाके लावून ओढण्याची कल्पना या मातीला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे, एवढे त्यावरून कळते.

मग हा बैल वर्गात कसा आला? आपल्याकडे शाळा म्हणजे पाटी, पेन्सिल आणि छडी, असा काळ फार दिवस होता. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला आणि लहान मूल हाताने शिकते, हे आग्रहाने सांगितले. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी बसवले. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी परदेशी साधने आदिवासी पाड्यात कुठून आणायची? त्यांनी शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज गावोगाव बोलला जातो, त्यामागे ही मेहनत आहे.

आपली काळी माती मोठी हट्टी. वाळली की तडकते. म्हणून जाणत्या बाया तिच्यात थोडा कापूस मळतात. धागे माती धरून ठेवतात. मुलाला हे हाताने कळते, तेव्हा विज्ञानाचा एक धडा पुस्तक न उघडता होऊन जातो. चार पाय सारखे नसतील तर बैल कलंडतो, हा दुसरा धडा.

अमेरिकेतही असा एक सण आहे, थँक्सगिव्हिंग. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तो असतो. तिथल्या बालवर्गात मुले कागदावर पंजा ठेवून त्याभोवती रेघ ओढतात आणि त्या आकाराचा टर्की पक्षी रंगवतात. १६२१ च्या सुगीला प्लिमथच्या वसाहतीत गोरे लोक आणि वाम्पानोग आदिवासी एकत्र जेवले, अशी गोष्ट त्यांना सांगतात. जेवण झाले, हे खरे. पण पुढे त्या आदिवासींची जमीन गेली, माणसे गेली. १९७० पासून त्यांचे वंशज त्याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात. आता तिथले काही शिक्षक तीही बाजू मुलांना सांगू लागले आहेत. कृतज्ञता शिकवायची तर पूर्ण शिकवावी लागते, हे त्यांच्या ध्यानात आले.

आपल्यालाही हे लागू आहे. मी दुसरीत होतो तेव्हा गुरुजींनी वर्गात विचारले, ‘कोणाकोणाच्या घरी बैल आहेत?’ अर्ध्या वर्गाचे हात खाली राहिले. माझाही. गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘मातीच्या बैलाला सातबारा लागत नाही. जो बनवेल तो मालक.’ त्या दिवशी अम्मीने अंगणात माती मळून दिली, बाभळीच्या काट्यांची शिंगे लावली. रांगेत माझा बैल पाटलाच्या पोराच्या बैलाशेजारी उभा होता.

आता शाळांत बैलसजावटीच्या स्पर्धा होतात. विकतचा मोठा बैल, विकतची झूल आणि पहिले बक्षीस त्यालाच. रांगेतली बरोबरी तिथे मोडते. शिवाय गोठेही रिकामे होत चालले आहेत. नांगरटीला ट्रॅक्टर आला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले, त्यांत आपला वाशिम होता. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेच्या वर्गात एका मुलाने बैल केलाच नाही, नुसते जू केले. विचारल्यावर म्हणाला, ‘बैल इकले, जू हाये घरी.’ बाईंनी ते जू बैलांच्या रांगेत ठेवले. मला वाटते, त्या वर्षीचा खरा पोळा त्या वर्गात झाला.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. बैल घरचीच माती मळून होऊ द्या. कुंभारदादांना एक दिवस वर्गात बोलवा. आणि बैलाचे आभार मानून झाले, की त्याच्यामागे उन्हात चालणारा सालदार, त्याच शेतात निंदणारी बाई, यांचीही नावे मुलांना घेऊ द्या. त्या वर्गात कित्येकांचे आईबापच ते असतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)