नाक धरा, हायडेलबर्ग आलं!

वाशीमचा मे महिना आहे, विहिरीत पाणी जेमतेम आहे, आणि पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेलं तुमचं अंग घामानं चिकचिकतंय. मग वाट कसली बघता? नाक धरा, मारा उडी!

डोकं वर काढलंत की शेवाळाचा वास गेलेला असेल. त्याऐवजी फिनेलचा उग्र दर्प, खारा वारा आणि लोखंडी खाटांची कुरकुर. हे कुलाब्याचं ‘अश्विनी’, नौदलाचं रुग्णालय. 1965 ची लढाई नुकतीच संपलीय. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा एक तरणा जवान इथे पडून आहे. लष्कराच्या ईएमई या तांत्रिक दलात काम करणारा, बॉक्सिंगच्या रिंगणात ठोसे मारणारा मुरलीकांत पेटकर. अंगात गोळ्या घुसल्या, पायांतलं बळ गेलं, एक गोळी तर मणक्यात तशीच राहिली. डॉक्टर म्हणताहेत, पोहायला लागा. पाणी हेच औषध! उकाड्यानं कपडे अंगाला चिकटलेले असताना हे औषध तुम्हालाही आवडेल. पण इथे रेंगाळू नका, पुढची बुडी लांबची आहे.

आता हवा कोरडी, गार. ऑगस्ट 1972, पश्चिम जर्मनीतलं हायडेलबर्ग, अपंग खेळाडूंचं पॅरालिम्पिक. डोंगरउतारावर तांबड्या दगडाचा पडका किल्ला, खाली नेकर नदी. जिकडे बघाल तिकडे चाकांच्या खुर्च्या. ब्रेक खटखटताहेत, चाकं एकमेकांना घासताहेत, खुर्च्यांवरून खुर्च्यांकडे नाना भाषांत हाका चालल्यात. वाटेत उभे राहू नका, पायाच्या बोटांवरून चाक जाईल! गर्दीत पेटकर दिसले का? अपंग खेळाडूंसाठी संस्था चालवणाऱ्या विजय मर्चंट यांनी तिकिटाची सोय केली, म्हणून ते इथवर आलेत. होय, तेच क्रिकेटवाले मर्चंट.

तलावाशी क्लोरीनचा वास नाकात झोंबतो. पुरुषांची 50 मीटर फ्रीस्टाइल. प्रेक्षकांत बसायचा बेत असेल तर सोडा, तुम्हीही पाण्यात उतरायचंय. अट एकच, आजच्यापुरते तुमचे पाय तुमचं ऐकणार नाहीत.

निघा!

पहिल्या दोन हातांतच कळतं, आपण आजवर पायांच्या जिवावर पोहत होतो. लाथ मारता येत नाही म्हटल्यावर कंबर खाली बसते, मागचं अर्धं शरीर ओझ्यासारखं लोंबतं, पाणी तुम्हाला मागे खेचतं. मग सगळा भार खांद्यांवर. हात पुढे टाका, पाणी पकडा, मांडीपर्यंत ओढा, पुन्हा टाका. श्वास घ्यायला मान वळवली की वेग मोडतो. नाही वळवली की छाती फुटायला येते. पोहण्याचे चष्मे अजून फारसे रुळलेले नाहीत, त्यामुळे डोळ्यांची आग होतेय. कान पाण्याखाली गेले की नुसता घुमारा, वर आले की कल्लोळ. बाजूनं पेटकरांचे हात सपासप पुढे जातात. लांब पल्ल्यात दम राखून ठेवता येतो. इथे राखायला वेळच नाही, एक हात चुकला की शर्यत गेली.

तुम्ही अजून मध्येच धापा टाकताय आणि पेटकरांनी भिंत गाठलीसुद्धा. 37.33 सेकंद! विश्वविक्रम आणि सुवर्ण. पॅरालिम्पिकमध्ये भारताला मिळालेलं हे पहिलंच सुवर्णपदक. ऑलिम्पिकमध्ये अभिनव बिंद्रा वैयक्तिक सुवर्ण मिळवेल 2008 मध्ये, आणि पेटकरांना पद्मश्री मिळेल 2018 मध्ये. पण हे तुम्ही इथे कुणाला सांगायला जाऊ नका, वेड्यात काढतील.

काठावर या, टॉवेल घ्या. खांदे ठणकताहेत? मग ऐका: याच पॅरालिम्पिकमध्ये पेटकर भालाफेक, नेमक्या जागी भाला टाकायची स्पर्धा आणि खुर्चीवरून वळणं घेत धावायची स्लॅलम, या तिन्हींत अंतिम फेरीपर्यंत जातात. चला बापा, उठा. भाला उचलायला खांदा लागतो, आणि खुर्ची पळवायलाही तोच.