रेडिओवाल्याचा कपॅसिटर

परवा लेकाच्या बास गिटारचा टोनचा नॉब खरखरायला लागला म्हणून ती उघडून बसलो. आत काय असावं? एक पिकअप, दोन पॉट आणि एक कपॅसिटर. बस्स! बॅटरी नाही की अँप्लिफायर नाही. आपल्याकडच्या जुन्या वॉल्व्हच्या रेडिओतला टोन कंट्रोल आठवला.

आठवणारच. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली त्याने इथे कॅलिफोर्नियात, फुलर्टनला दुकान टाकलं. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! १९५१ साली त्याने प्रिसिजन बास काढला. पॉट २५० किलोओहमचे, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा. पुढे तो ०.०५ झाला आणि प्रमाणित आकड्यांची मालिका रूढ झाल्यावर ०.०४७. म्हणजे ०.०४७ मध्ये जादूबिदू काही नाही.

आता वायरमनकी. टोन पूर्ण बंद केला की कपॅसिटर थेट पिकअपच्या कॉइलला समांतर येतो. कॉइल समजा ५ हेन्रीची. ०.०४७ ला साधारण ३३० हर्ट्झच्या वरचा आवाज गळायला लागतो, ०.१ ला २२५ च्याच वर. आवाज जास्त घुमा, जाडा. पण नॉब पूर्ण उघडा असेल तर कपॅसिटरच्या वाटेत अख्खे २५० किलोओहम आडवे असतात. मग तो कितीचा आहे, हे कानाला जवळजवळ कळतच नाही! तेव्हा चालते ती पॉटची सत्ता. २५० चे दोन पॉट मिळून पिकअपवर १२५ किलोओहमचा भार टाकतात आणि त्याची कर्कश धार बोथट होते. ५०० चे घातले तर भार निम्मा. आवाज उजळतो, पण तारेवर बोटं घासल्याचंही ऐकू येतं. गिब्सनच्या हंबकरवाल्या गिटारींत सहसा ५०० चे असतात, कारण ते पिकअप मुळातच जरा घुमे.

मोटाउनचा जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर वाजवायचा आणि दोन्ही नॉब बहुधा पूर्ण उघडे ठेवायचा, असं सांगतात. म्हणजे त्या गाजलेल्या आवाजात कपॅसिटरचा वाटा जवळपास शून्य. तरी लोक ‘त्या काळचा’ कपॅसिटर शोधत फिरतात. लोक कशाला, मीही फिरलो होतो! एका विक्रेत्याला भलतेच डॉलर मोजून मेणकागदाचा ०.०५ आणला. मोजला तर ०.०६ च्या वर, शिवाय गळका. ड्रॉवरमध्ये पडलाय.

असो. खरखर पॉटचीच होती. २५० चा नवा टाकला, कपॅसिटर होता तोच ठेवला. लेक नॉब कायम पूर्ण उघडाच ठेवतो.