नोंदीबाहेरचा शोक : गर्भनाश आणि समाजाची दृष्टी

पेण व रोहे हे तालुके ज्या जिल्ह्यात मोडतात, तो १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे. मराठीत ‘पोट पडणे’ आणि ‘पोट पाडणे’ असे दोन शब्दप्रयोग आहेत. पहिल्यात आपत्ती आहे, दुसऱ्यात कृती. ‘गर्भपात’ हा प्रमाण शब्द मात्र दोन्ही अर्थ सामावून घेतो. गर्भ आपोआप गळालेल्या स्त्रीच्या दुःखाभोवती संशयाचे सावट का राहिले, याचे उत्तर काही अंशी या संदिग्धतेत सापडते.

धर्मशास्त्राने हा भेद कालमानाने केला. चौथ्या महिन्यापर्यंत ‘स्राव’, पाचव्या-सहाव्यात ‘पात’ व त्यापुढे ‘प्रसूती’ असे पराशरस्मृती मानते; तर मनुस्मृतीने गर्भाच्या महिन्यांइतक्या रात्रींचे अशौच सांगितले. येथे विचार शुद्धीचा आहे, शोकाचा नव्हे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३१२ ने गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा ठरविला. पुनर्विवाहास बंदी असलेल्या विधवांवर या कायद्याचा धाक विशेष होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह याच परिस्थितीतून उभे राहिले.

तिसरी दृष्टी श्रमाची. याच जिल्ह्यातील गोरेगाव येथे १८७९ मध्ये जन्मलेले कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. परंतु १९२९ मध्ये मुंबई प्रांताने असा कायदा केला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ९ ने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची सवेतन रजा दिली. शेतावर रोजंदारी करणाऱ्या स्त्रीपर्यंत मात्र ही तरतूद पोहोचली नाही. शिवाय रजेचा आधार शारीरिक झीज हा होता. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ व त्याखालील नियमांनुसार मृतजन्माची नोंद होते ती २८ आठवड्यांनंतर. त्याआधीचा गर्भनाश या नोंदवहीत येत नाही.

न्यूझीलंडने २०२१ मध्ये गर्भनाशासाठी तीन दिवसांची सवेतन शोकरजा मान्य केली व ती जोडीदारासही दिली. आरंभीच्या महिन्यांतील निम्म्याच्या आसपास गर्भनाश गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात, हे वैद्यकशास्त्राने दाखविले आहे. तरीही ‘काय खाल्ले, काय उचलले’ हा प्रश्न प्रथम स्त्रीलाच विचारला जातो. शुद्धी, गुन्हा आणि श्रम या तिन्ही दृष्टींनी समाजाने गर्भनाशाची दखल घेतली. शोकाची दखल घेणे अद्याप बाकी आहे.