सुटला, पण खुनी कोण?

इसवी सनापूर्वी ८० मध्ये रोममध्ये सेक्स्टस रोशियस नावाच्या माणसावर बापाच्या खुनाचा खटला चालला. बाप रात्री जेवणाहून परतताना मारला गेला होता. पितृहत्येची शिक्षा काय, तर आरोपीला पोत्यात शिवून पाण्यात फेकायचे! वकील होता २६ वर्षांचा सिसेरो. त्याने विचारले, या मरणाचा फायदा कुणाला? त्याच्या म्हणण्याप्रमाणे मृताची ६० लाख सेस्टर्सची मालमत्ता अवघ्या दोन हजारांत घेतली होती क्रिसोगोनसने. हा हुकूमशहा सुल्लाच्या मर्जीतला. खुनाचे साक्षीदार असलेले दोन गुलामही आता त्याच्याच घरी. मग जबानी कोण देणार?

रोशियस सुटला. खुनी मात्र कधीच ठरला नाही. रोममध्ये तपास करणारे पोलीस नव्हते, आणि आज आपल्या हाती आहे ते फक्त सिसेरोचे भाषण. फिर्यादीची बाजू कायमची हरवली. वकिलाला काय, अशील सुटला की पुरे!

स्टीव्हन सेलर या अमेरिकन लेखकाने नेमकी हीच फट हेरली. १९९१ च्या ‘रोमन ब्लड’ कादंबरीत सिसेरो गॉर्डियानस नावाच्या शोधकाला पैसे देऊन कामाला लावतो. खटला, माणसे खरी. शोधक तेवढा कल्पित. आणि हा पठ्ठ्या अशिलावरही संशय घ्यायला कचरत नाही.