वऱ्हाडातील शालेय खेळाडू: आखाड्याची शिस्त ते पात्रतेचे कागद

वऱ्हाडातल्या शाळकरी खेळाडूला नियम लागू झाले ते शाळेत नव्हे, आखाड्यात. अमरावती, अकोला, अचलपूर, कारंजा या गावांतून तालीम किंवा आखाडा ही मारुतीच्या देवळाला धरून चाललेली जागा होती. तिथे येणाऱ्या पोराकडून काय अपेक्षित आहे हे कुठे लिहिलेले नसे, तरी ते सगळ्यांना ठाऊक असे. पहाटे उठायचे, अंघोळ करून मारुतीला नमस्कार करायचा, हौद्यातली माती उकरायची, मग जोर-बैठका, आणि वस्तादांनी सांगितल्याखेरीज कुस्तीला हात घालायचा नाही. लंगोट कोणाचा वापरायचा नाही, कोणाला वापरू द्यायचा नाही. नशापाणी वर्ज्य. मोठ्याशी लढताना आधी मातीला आणि मग त्याच्या पायाला हात. हा नियमांचा संच खेळाच्या वेळेपुरता नव्हता, मुलाच्या साऱ्या दिवसावर त्याचा अंमल चाले. तो काय खातो, केव्हा झोपतो, कोणाच्या संगतीत बसतो, हे वस्तादाने विचारणे वावगे मानले जात नसे.

त्याच काळात इंग्रजी शाळांत निराळी शिस्त येत होती. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. सरकारी हायस्कुलांत शरीरशिक्षण म्हणजे ड्रिल. ते घ्यायला बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला शिपाई असे आणि त्याची अपेक्षा एकच: रांग सरळ, हुकूम इंग्रजी, पावले एकत्र. क्रिकेट, फुटबॉल, हॉकी हे खेळ साहेबांच्या नि वकिलांच्या क्लबांतून शाळांपर्यंत झिरपले, पण ते मोजक्या मुलांच्या वाट्याला आले. बाकीची मुले रांगेत उभी राहत. आखाड्यात घाम गाळणारा आणि शाळेत धडे गिरवणारा अशी पोरांची दोन जगे पडली. अभ्यासात हुशार मुलाने तालमीत जाऊ नये, तिथे टवाळ पोरे जमतात, हा समज पांढरपेशा घरांत तेव्हापासूनच रुजला आणि तो पुष्कळ वर्षे टिकला.

ही दोन जगे एकत्र आणण्याचे मोठे काम अमरावतीत झाले. 1914 मध्ये अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी श्री हनुमान आखाडा सुरू केला. पुढे त्याचेच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. 1897 मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीला भरले होते. टिळकांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे याच गावचे. वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीने तरुणांत शरीर कमावण्याला देशकार्याची प्रतिष्ठा दिली होती, आणि पुढे असहकाराच्या काळात अकोला, खामगाव येथे राष्ट्रीय शाळाही उभ्या राहिल्या. अशा वातावरणात काढलेल्या आखाड्यात जातीची अट नसावी, गरिबाला अडवू नये, हा आग्रह वैद्य बंधूंनी धरला. वस्तादाच्या मर्जीवर आणि मोहल्ल्याच्या अभिमानावर चालणाऱ्या जुन्या तालमींपेक्षा हा फरक मोठा होता. आखाड्याचे नियम पहिल्यांदा संस्थेचे नियम झाले. वेळ ठरली, हजेरी आली, अभ्यासक्रम आला, परीक्षा आली.

मंडळाने मुलांइतकेच लक्ष शिक्षकांकडे दिले, आणि त्याचे खरे महत्त्व इथेच आहे. 1920च्या दशकात उन्हाळी सुट्टीत व्यायामशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. शाळांना मे महिन्यात सुट्टी, म्हणजे शिक्षक मोकळे. आणि अमरावतीच्या उन्हाळ्यात दुपारी मैदानावर उभे राहणे अशक्य, म्हणून पहाट आणि संध्याकाळ शिक्षणाची. मल्लखांब, लाठी, लेझीम, दांडपट्टा, फरीगदका, आसने, सूर्यनमस्कार, कुस्ती, हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या असा सगळा देशी पसारा क्रमाने शिकवायचा, त्याचे हुकूम देशी भाषेत द्यायचे आणि शेवटी प्रमाणपत्र. शिकून गेलेला शिक्षक आपापल्या गावच्या शाळेत तीच शिस्त नेई. 

मल्लखांबाचे उदाहरण घेतले तर आखाड्याची अपेक्षा शाळेच्या नियमात कशी उतरली ते दिसते. तालमीत मल्लखांब कुस्तीच्या तयारीसाठी केला जाई. ज्याला जी उडी जमेल ती तो करी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी त्याला नवे जीवन दिले, पण तो वस्तादाकडून शागिर्दाकडेच जात राहिला. वर्गात चाळीस मुलांना शिकवायचे तर हे चालत नाही. मग उड्यांना नावे आणि क्रम लागतो, खांबाला एरंडेल कोणी लावायचे, खाली कोणी उभे राहायचे, उतरल्यावर कसे उभे राहायचे, हे सगळे ठरवावे लागते. शिस्त तीच राहिली, पण एका माणसाच्या नजरेतली शिस्त कागदावर आली. हे झाले नसते तर देशी व्यायाम शाळेच्या दाराबाहेरच राहिला असता.

खेळांचे नियमही याच दशकांत बांधले गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम केले तेही 1914 मध्ये, म्हणजे अमरावतीचा आखाडा निघाला त्याच साली. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने 1920च्या दशकात देशी खेळांच्या स्पर्धा भरवून नियम छापले. हुतूतू (आजची कबड्डी) तेव्हा गावोगाव वेगळा होता. बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच परत येतो तो संजीवनी, बाद झाला तो डाव संपेपर्यंत बाहेरच बसतो तो गामिनी, आणि कोणीच बाहेर जात नाही, फक्त गुण मोजले जातात तो अमर. शाळेशाळेचा सामना व्हायचा तर यातला कोणता प्रकार, मैदान केवढे, गडी किती, हे आधी ठरवणे भाग होते. ‘बाद’ झालेल्या गड्याने निमूट बाहेर जायचे, दम तुटला की आपणच थांबायचे, ही खेळाडूकडून अपेक्षा नियमांच्या आधीपासूनची. पंच नेमले गेल्यावर ती पंचांच्या शिट्टीकडे सोपवली गेली. शिट्टीमुळे वाद कमी झाले, हे खरेच. पण स्वतःहून बाद सांगण्याची सवय शिकवण्याचे काम तेव्हापासून शिक्षकाच्या इच्छेवर राहिले.

1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाचे पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली जर्मनीला गेले. तिथे त्यांनी हुतूतूसह देशी खेळांची आणि व्यायामांची प्रात्यक्षिके केली. ही स्पर्धा नव्हती, पदकतक्त्यात त्याची नोंद नाही. तरीही वऱ्हाडातल्या शाळा-आखाड्यांवर त्याचा परिणाम पदकापेक्षा कमी नव्हता.    युरोपात हजारो माणसे एका तालावर व्यायाम करताना पाहणाऱ्या या पथकाने आपला दांडपट्टा नि मल्लखांब त्याच शिस्तीत बसवून दाखवला. वऱ्हाडातल्या शाळकरी पोराला आपला खेळ हलका नाही ही खात्री यामुळे मिळाली.

स्वातंत्र्यानंतर नियम करण्याचे काम संस्थांच्या हातून सरकारकडे गेले. राष्ट्रीय छात्र सेनेचा कायदा 1948चा, राष्ट्रीय अनुशासन योजना 1954ची. त्याच 1954 साली भारतीय शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला आणि राज्याराज्यांच्या शाळांना एकाच नियमावलीखाली खेळण्याची सोय झाली. वऱ्हाड 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी पायऱ्यांची रचना पुढे रूढ झाली. अमरावती विभागात आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा निघाला.

इथून पुढे शालेय खेळाडूच्या नियमांचा गाभाच बदलला. आधीचा नियम विचारी: तू कसा राहतोस? नवा नियम विचारतो: तू कोण आहेस, किती वर्षांचा आहेस, कोणत्या शाळेत आहेस? 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे तीन गट. खेळाडू त्या शाळेचा नियमित विद्यार्थी हवा, आणि त्याचे ओळखपत्र मुख्याध्यापकाच्या सही-शिक्क्याने हवे. वयाची रेघ 1 जानेवारीला ओढलेली असते. तिच्या एक दिवस आधी जन्मलेला मुलगा वरच्या गटात जातो. कबड्डी, कुस्ती यांत वयाबरोबर वजनाचेही गट किंवा मर्यादा.

वयाच्या या नियमाची खेड्यापाड्यांत मोठी ओढाताण झाली. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत झालेली नसे, आणि पहिलीत नाव घालताना गुरुजी अंदाजाने 1 जून किंवा 1 जुलै ही तारीख टाकत. एकाच गावच्या डझनभर मुलांचे वाढदिवस एकाच दिवशी येण्यामागचे कारण हेच. दाखल्यावरचे वय आणि शरीराचे वय यांत फरक पडे, कधी नकळत, कधी मुद्दाम. आज क्रिकेट मंडळ 16 वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवते. शालेय स्पर्धेत मात्र भिस्त जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या रजिस्टरवर राहते. कागद खरा असेल तर हा नियम लहान मुलाचे मोठ्यापासून रक्षण करतो. खोटा असेल तर जो प्रामाणिकपणे आपल्या वयात खेळला त्याचीच संधी जाते, आणि त्याला ती कधी परत मिळत नाही. म्हणूनच वयचोरीकडे किरकोळ चलाखी म्हणून पाहणे हा त्या मुलावर उघड अन्याय आहे.

कागदाला एवढे वजन आले ते त्यामागे बक्षिसे आली म्हणून. दहावी-बारावीच्या परीक्षेत स्पर्धेच्या पातळीनुसार 25 पर्यंत सवलतीचे गुण मिळू लागले, आणि राज्य शासनाच्या नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आले. शेतकरी घरातल्या पोराला, पोरीला खेळातून नोकरी लागू शकते, हे आईबापांना पटले. मुलीला मैदानावर पाठवण्यास तयार नसलेली घरेही या कारणाने तयार झाली. दुसरीकडे, ज्या खेळात भाग घेणारे संघ कमी, तिथे नुसते उतरून प्रमाणपत्र मिळवण्याची वाट सापडली, आणि बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीला आली. त्यातून पडताळणीचा नियम कडक झाला. नोकरीसाठी वापरायचे प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून तपासून घ्यावे लागते.

निवडक मुलांसाठी राज्याने क्रीडा प्रबोधिनी काढल्या आणि त्यांत जुन्या आखाड्याचे बरेच काही परत आले. अकोल्याची प्रबोधिनी मुष्टियुद्धासाठी ओळखली जाते, आणि वसंत देसाई क्रीडांगण हे तिथल्या मुष्टियोद्ध्यांचे घर. प्रवेशासाठी उंची, वजन, 30 मीटर धावणे, 800 मीटर धावणे, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक अशा 9 चाचण्या घेतात. आत आल्यावर वसतिगृह, पहाटेचा सराव, शाळा, पुन्हा संध्याकाळचा सराव. आहार ठरलेला, झोप ठरलेली, आणि वर्षअखेर कामगिरीचे मोजमाप. प्रगती नसेल तर जागा सोडावी लागते. वस्तादाचा अंमल आणि सरकारी मोजपट्टी एका छताखाली आल्या, असे या व्यवस्थेबद्दल म्हणता येईल. साध्या शाळेत मात्र शारीरिक शिक्षणाचा तास गणित-विज्ञानाच्या जादा वर्गासाठी उचलला जातो. पावसाळ्यात तर काळ्या मातीच्या मैदानावर पाय टाकता येत नाही, आणि शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका त्याच सुमाराला सुरू होतो.

अलीकडच्या काळात दोन गोष्टींची भर पडली आहे. 2018 मध्ये खेलो इंडियाच्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या आणि निवडलेल्या खेळाडूंना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतची मदत 8 वर्षे देण्याची योजना आली. त्याबरोबर उत्तेजक द्रव्यांबाबतचे नियम शाळकरी वयाला येऊन भिडले. 2022 मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदाही झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाचा नमुनाही तपासला जाऊ शकतो, आणि सर्दीच्या गोळीतला किंवा दुकानातून आणलेल्या प्रोटीनच्या डब्यातला घटकही त्याला अडकवू शकतो. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. मुलाला ही माहिती देण्याची जबाबदारी क्रीडाशिक्षकाची, पण ज्या शाळेत क्रीडाशिक्षकाचे पदच रिकामे आहे तिथे ती कोणाचीच राहत नाही.

विदर्भापुरता आणखी एक नियम आहे, तो कोणत्याही परिपत्रकात ठळक नाही, पण मैदानावरचे प्रशिक्षक तो पहिल्या दिवशी सांगतात: खर्रा खायचा नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर मिळतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी खर्रा हातोहात घोटून विकला जातो, आणि आठवी-नववीतल्या पोरांपर्यंत तो पोहोचला आहे. वस्ताद शंभर वर्षांपूर्वी नशापाणी वर्ज्य म्हणत ते चारित्र्यासाठी. आजचा प्रशिक्षक म्हणतो ते दमासाठी आणि तोंडाच्या कर्करोगाच्या भीतीने. कित्येक ठिकाणी सरावाला उभे राहण्याआधी मुलांचे खिसे आणि दात पाहिले जातात.