कीटो आहार

स्निग्ध पदार्थ भरपूर, प्रथिने बेताची आणि कर्बोदके नाममात्र असा, मुळात अपस्मारावरील उपचार म्हणून योजलेला आहार. शास्त्रीय नाव कीटोजनिक आहार. वजन उतरवण्याचा उपाय ही त्याची ओळख बरीच अलीकडची आहे.

कर्बोदके मिळेनाशी झाली की यकृतातील ग्लायकोजेनचा साठा साधारण दिवसाभरात संपतो. मग यकृत चरबीपासून कीटोन बनवते आणि साखरेची उणीव मेंदू त्यांच्यावर भागवतो. या अवस्थेला कीटोसिस म्हणतात. तिने झटके का थांबतात, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही.

उपवास केला की फिट येणे कमी होते, हे जुने निरीक्षण. उपाशी न ठेवता तोच परिणाम साधावा म्हणून अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी 1921 साली हा आहार सुचवला. 1938 मध्ये फेनिटॉइन आले आणि गोळी देणे सोपे म्हणून आहार मागे पडला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी तो 1990च्या दशकात पुन्हा वर आला. मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी 1996पासून तो भारतीय जेवणात बसवला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने 145 मुलांवर केलेली चाचणी 2008 साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनंतर आहारावरील 38 टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले होते. आहार सुरू न केलेल्या मुलांत हे प्रमाण 6 टक्के होते. ग्लुट-1 या वाहक प्रथिनाच्या कमतरतेत तर हाच पहिला उपचार, कारण तिथे मेंदूपर्यंत साखर पुरेशी पोचतच नाही.

मूळ प्रकारात चार ग्रॅम स्निग्धांमागे प्रथिने व कर्बोदके मिळून एक ग्रॅम असे प्रमाण असते. म्हणजे सुमारे 90 टक्के ऊर्जा तेल-तुपातून. सुधारित ॲटकिन्स आहार थोडा सैल आहे, तरी मुलांना सुरुवातीला दिवसाला दहा ते वीस ग्रॅमच कर्बोदके मिळतात.

चिकोडी-निपाणी भागातील ताटाशी हा हिशेब ताडून पाहावा. जोंधळ्याच्या मध्यम भाकरीत पस्तीस-चाळीस ग्रॅम कर्बोदके असतात. एका भाकरीतच मुलाचा दोन दिवसांचा वाटा संपतो. आमटीतला गुळाचा खडा, भाकरीबरोबरची काकवी, उसाचे कांडे हे सारे बाद. म्हशीच्या पेलाभर दुधातही दहा ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा असते. तूप, लोणी, साय, अंडी, पनीर, मेथी-पालकासारखी पालेभाजी चालते. शेंगाचटणीही चालते, पण मापून. खरी अडचण पदार्थ मिळण्याची नाही. भरल्या घरात एकाच पोराचे ताट वेगळे ठेवायचे आणि आजीने प्रेमाने हातावर ठेवलेला लाडू नाकारायचा, हे जड जाते. खोकल्याच्या गोड औषधानेही कीटोसिस मोडू शकते, म्हणून शक्य तिथे बिनसाखरेचे औषध किंवा गोळी मागावी लागते.

हा आहार घरच्या घरी सुरू करण्याजोगा नाही. आधी रक्त-लघवी तपासून मेदाम्लांच्या चयापचयाचे जन्मजात दोष नाहीत ना, हे पाहतात. असल्यास आहार जिवावर बेतू शकतो. बद्धकोष्ठता, मूतखडा, रक्तातील चरबी वाढणे, उंची खुंटणे हे दुष्परिणाम. जीवनसत्त्वे व कॅल्शियम वरून द्यावे लागते. तीन महिन्यांत गुण न आल्यास आहार सहसा थांबवतात, आल्यास साधारण दोन वर्षे चालवून हळूहळू सोडवतात.

वजन सुरुवातीला झपाट्याने उतरते, त्यात पाण्याचा वाटा मोठा. वर्षभरानंतर इतर आहारांच्या तुलनेत फारसा फरक उरत नाही. टाइप 2 मधुमेहात साखर खाली येते, पण इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून बदलून घेतला नाही तर ती धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी तर कीटोच्या वाटेला जाऊ नये. साखर फारशी न वाढताही त्यांच्या रक्तात आम्लता चढू शकते. महाराष्ट्रात गाजलेला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा दोन वेळा जेवण्याचा प्रयोग कीटोशी नेहमी गल्लत करून सांगितला जातो. त्यात भर खाण्याच्या वेळांवर आहे, आणि भाकरी ताटात राहते.